दोरी धरणारा

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत शाल अंबरीशच्या खांद्यावर, नारळ अंबरीशच्या हातात. मी मोठा भाऊ, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवून राहिलो होतो. अंगाचा नुसता तिळपापड!

त्याच पावसाळ्यात रिछाईजवळच्या आमच्या हिंदी बोलणाऱ्या गल्लीत नाल्याचं पाणी घुसलं, तेव्हा त्यानं शेजारच्या बेबीताईंना बाहेर काढलं. त्याच्या कमरेची दोरी कोणी धरली होती? मी. तळहात सोलून निघाले. पण दोरी धरणाऱ्याला कोण शाल देते? आमची प्रमोदिनीसुद्धा वर्षभर एकच धोशा लावून होती, "अंबरीश भाऊजी म्हणजे खरे मर्द हो!" जळत होतो मी, खोटं काहून बोलू?

यंदा पुन्हा पाणी आलं, भर दुपारी. समोरचे बळीरामकाका पत्र्याच्या शेडवर अडकले. सगळी गल्ली गच्चीवरून ओरडू लागली, "अंबरीश भैया को बुलाओ!"

माझं डोकंच फिरलं. पोहण्याच्या नावानं बोंब, तरी दोरी स्वतःच्या कमरेला बांधली. यंदाची शाल माझी!

जिन्यात अंबरीशनं मला अडवलं.

"दादा, तू नको. मी जातो."

"काहून? दरवेळी तूच?"

"तुला पोहता येत नाही. मलाही नाही येत."

"आणि मागच्या वर्षी?"

"तू ओढलंस म्हणून आलो. तेव्हापासून धड झोप नाही. तुझा हेवा वाटतो, दादा. तुला काठावर उभं राहता आलं."

"मग गेलास कशाला?"

"तूच म्हणालास ना, 'तू सडाफटिंग, ना बायको ना पोरं, तू जा.' सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते. मर्दानं नाही कसं म्हणायचं?"

म्हणालो होतो खरा. सहज म्हणालो होतो.

मी कमरेची दोरी सोडली, गच्चीवर गेलो आणि ओरडलो, "हम दोनों भाइयों को तैरना नहीं आता! बोट बुलाओ!" कोणीतरी फिस्सकन हसलं. पण फोन लावला.

बोट यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ अंबरीश गच्चीवर माझा हात धरून रडला, सगळ्यांदेखत. मी हात सोडला नाही. काका सुखरूप उतरले.

आता गल्लीत आम्हाला 'डरपोक भैया' म्हणतात. दोघांनाही. पहिल्यांदाच आम्हा भावांना सारखं काही मिळालं.