अकरावा तक्ता

"जनार्दनकाका, रविवारी तुम्ही स्टेजवर पहिल्या खुर्चीत. शाल केशरी चालशे ने?" निरुपमाबेननी विचारलं, आणि समितीतले सगळे माझ्याकडे बघू लागले.

निरुपमाबेन अर्थशास्त्र विभागाच्या प्रमुख. आमच्या सरांच्या शेतजमिनीवरच्या गाजलेल्या पुस्तकाला पन्नास वर्षं झाली, म्हणून ते होतं तसंच पुन्हा छापलं होतं; रविवारी त्याचाच समारंभ. त्यासाठी गावोगाव हिंडून माहिती गोळा करणाऱ्या सहा जणांपैकी जयवंतराव आणि मी एवढेच उरलो आहोत.

"शाल नको," मी म्हणालो. "अकराव्या तक्त्यात चूक आहे. माझी."

"पन्नास वर्षं झोपला होतास काय रे जनू?" जयवंतराव म्हणाले.

झोपलो नव्हतो. शेतकरी जमीन बिघ्यात सांगत. आमच्या बडोद्याकडचा बिघा मोठा, नदीपलीकडचा लहान. एकर काढताना मी सगळीकडे आपलाच बिघा धरला, आणि पलीकडच्यांची जमीन कागदावर फुगली. पुस्तक आल्यावर ते लक्षात आलं. सरांच्या दारापर्यंत दोनदा गेलो, बेल न वाजवता परतलो. मग सरच गेले.

"सरांचा निष्कर्ष बदलतो का काका?"

"नाही. नदीपलीकडच्या चौदा गावांतली माणसं होती त्यापेक्षा सुखी दिसतात, एवढंच."

चहावर साय धरली होती.

"प्रती तर बांधून आल्या," निरुपमाबेन हळूच म्हणाल्या. "फार तर आत एक चिठ्ठी चिकटवता येईल. पण लोक सरांना बोल लावतील, काका. ऐन समारंभात."

"मग त्यात माझं नाव घाला."

"अरे, अख्ख्या पुस्तकात आपल्या सहांपैकी एकाचंही नाव नाही," जयवंतरावांचा आवाज एकदम उतरला. "मदतनीस, एवढा एकच शब्द आहे. आणि तुझं नाव येणार ते असं?"

त्या गावांत आम्हाला पाणी देणारी, बसायला खाट टाकणारी माणसं आठवत होती, पण चेहरे नीट आठवत नव्हते.

"येऊ दे," मी म्हणालो.

निरुपमाबेननी कोरा कागद पुढे ओढला. "आखुं नाम, काका? पूर्ण?"

"जनार्दन..." मी म्हणालो, आणि वडिलांचंही नाव त्या चिठ्ठीवर येणार म्हणून, ते सांगण्याआधी जरासा थांबलो.