चाळीस हजार डोळे

शनिवारी जत्रेच्या मैदानावरच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर धंदा वाढवायचे धडे देणाऱ्या कोच ब्राइसने एका मध विकणाऱ्या बाईचा लाइव्ह चालू असलेला फोन डोक्यावर धरला, डोळे मिटले, आणि मागच्या पडद्यावर प्रेक्षकांचा आकडा धावू लागला. दोनशे. नऊ हजार. चाळीस हजार!

"फोटो मेला!" कोच गरजला. "लेख मेला! जिवंत एकच, लाइव्ह! धंदा कुठलाही असो, औषध हेच. बघणाऱ्याचा श्वास अडकवा, गिऱ्हाईक दार फोडून येईल!"

लोक खुर्च्यांवर चढून किंचाळत होते. डेलाचे वडील ऑरिन हाल्वर्सनही. एकतीस वर्षं ते ओरेगॉनच्या या खोऱ्यात लोकांच्या अंगणातली धोक्याची झाडं उतरवत होते. डेला त्यांच्या कामाचे फोन घ्यायची आणि दर आठवड्याला एखाद्या पोकळ खोडाचा फोटो नेटवर टाकायची. खाली चार ओळी, झाड आतून कुजलंय हे कसं ओळखावं.

"डेल, आपल्याला हेच हवं होतं ना गं?" त्यांनी तिच्या कानाशी विचारलं.

"धंदा तुझा आहे, डॅड."

परत येताना दोघांनी मॅरियनबेरीचं आइस्क्रीम घेतलं. कप एक, चमचे दोन. तो शेवटचा साधा दिवस.

रविवारी ऑरिन साठ फूट उंचावर एका डग्लस फरच्या झाडाला स्वतःला बांधून उभे होते. झाडावर यांत्रिक करवत दोन्ही हातांनीच धरायची, हे त्यांनी प्रत्येक नव्या माणसाला शिव्या देऊन शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनी एक हात कॅमेऱ्याकडे हलवला. करवतीचं टोक फांदीला अडलं, उसळलं आणि त्यांच्या मानेत घुसलं. खाली फोनवरून लाइव्ह दाखवत उभ्या असलेल्या डेलाच्या कपाळावर, ओठांवर गरम थेंब पडले. फोनवर लाइकचे लाल बदाम तरंगत वर चढत होते. बघणारे अकरा जण होते.

पुढच्या महिन्यात कोच परत आला. डेला वडिलांचा फोन घेऊन मंचावर चढली आणि तिने लाइव्ह सुरू केलं.

"काय गं पोरी, धंदा काय?"

"झाडं उतरवतो."

"वा! मरणाशीच खेळ! याला तर जग धावत येईल!"

फोन डोक्यावर. डोळे बंद. दोनशे, नऊ हजार, चाळीस हजार. सभागृह दणाणलं.

डेलाने त्याच्या हातातून माइक ओढला. "हे लाइव्ह मी फक्त मला दिसेल असं लावलंय. दुसऱ्या कुणाला उघडताच येत नाही. मग हे चाळीस हजार कोण?"

"बाई शुद्धीवर नाही! खाली उतरवा तिला!"

दोन रखवालदार धावले. एकाने तिचा हात पिरगाळला, खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. दुसऱ्याच्या कोपराने ओठ फाटला. तिने मोकळ्या हाताने टेबलावरचा, पडद्याला जोडलेला लॅपटॉप ओढला आणि त्यावर चालू असलेली आकड्यांची तयार फिल्म मागे नेली. पडद्यावर आकडा पुन्हा दोनशेपासून धावू लागला.

"माझ्या मधाला बघणारे हेच का रे?" खालून मधवाली बाई ओरडली. "त्यानंतर एक बरणी खपली नाही, हलकटा!"

तिची खुर्ची मंचावर आदळली. मग माणसं आली. कोचचं नाक फुटलं, पडदा फाटला, एकाने त्याचा गळाच धरला.

"सोडा त्याला!" डेला मध्ये घुसली. तिच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं. "मारून खोटं सिद्ध होत नाही, तपासून होतं. आपल्याला काय हवंय, ते आधी स्वतःला विचारा. लोकांनी नुसतं बघावं, विश्वास ठेवावा, की काम द्यावं? मग ठरवा, फोटो, लेख की लाइव्ह. आणि कुणी आकडा दाखवला, तर तो आला कुठून ते विचारा."

गळा धरणारा हात सैल पडला. माइक अजून चालूच होता.

"फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायचे, आमच्याबद्दल कुठे कळलं? सगळे सांगायचे, त्या पोकळ खोडाच्या फोटोवरून." तिने वडिलांचा फोन छातीशी धरला. "डॅड, आपल्याला हे नको होतं. मला माहीत होतं. तू इतका खूश होतास, म्हणून मी बोलले नाही."