आखाजीला मिठी

साहेबांचं भाषण झालं धुळ्यात, पण ते खरं वाजलं नांदखेड्याच्या पारावर. चैत सरत आला होता. लिंबाच्या सावलीलाही घाम फुटावा असं ऊन. कुणाचा तरी मोबाईल पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला होता आणि माठाभोवती गाव बसलं होतं. साहेब केळीवर बोलले, कापसावर बोलले, विमानतळावर तर फारच बोलले. गाव तंबाखू मळत राहिलं. मग साहेबांनी चष्मा काढला, आणि चष्मा काढला की आता काही तरी हृदयातून येणार, हे पारालाही ठाऊक होतं.

"माता-भगिनींनो, मला परवाच समजलं. आखाजीसारख्या पवित्र सणाला, इथे अमळनेरकडच्या गावांत, नदीच्या दोन काठांवर उभी राहून बहीण बहिणीला शिव्या घालते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यंदापासून शिवी नाही. यंदापासून मिठी!"

मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला. पारावरचे अंगठे तळहातावर थांबले.

लोटनआबा गावातले सगळ्यांत म्हातारे आणि सगळ्यांत रिकामे. ते म्हणाले, "डोयामा पानी उनं म्हने. तठे वाया घालापेक्षा बोरी नदीमा सोड म्हना."

"मिठी कोन कोनले मारी, आबा?" निंबा टेलरने विचारलं.

"बाया बायासले."

"मंग आपुन काय करानं?"

"आपुन टाळ्या वाजाडानं. आजलोंग दुसरं काय करं आपुन?"

संध्याकाळी टीव्हीवर तीन शहाणी माणसं भांडली. एकाने या चालीला अनिष्ट प्रथा म्हटलं, एकीने ऐतिहासिक पाऊल म्हटलं, तिसऱ्याने सगळं खापर मागच्या सरकारवर फोडलं. मागे नकाशा दाखवला होता. त्यात नदी तापी होती.

आता, चाल अशी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झाडाझाडाला झोके बांधले जातात, गौराई बसते, आणि बोळवणीच्या दिवशी बायका गौराई घेऊन नदीवर येतात. बोरीच्या अलीकडे नांदखेडं, पलीकडे सावटेक. मध्ये पाणी असलं तर पाणी, नसलं तर वाळू. गौराई बोळवली की दोन्ही काठ कमरेवर हात ठेवतात आणि एकमेकांचा उद्धार सुरू होतो, तोही गाण्यात, चालीवर, यमक जुळवून. यमक नसलेली शिवी हलकी समजतात. तेवढा वेळ गडीमाणसाने नदीकडे फिरकायचं नसतं. त्यांना त्या दिवशी पत्ते खेळायची मोकळीक असते, तीही बायकांनीच दिलेली.

नांदखेड्यात या खेळाची राणी प्रमिलाबाई. आईबाप गेल्यावर तिचं माहेरी जाणं सुटलं, तेव्हापासून ती सासरच्याच काठावर उभी राहायची. आणि सावटेकच्या काठावर, गेली काही वर्षं, सगळ्यांत उंच गळा होता तिच्या सुनेचा, ज्योतीचा. ज्योतीचं माहेर सावटेक. वर्षभर या दोघी एका चुलीवर राहायच्या आणि घरात शब्दाने शब्द वाढायचा नाही. "हा, आत्याबाई." "बरं, बेटा." शेजारणी या घराचा दाखला द्यायच्या. आणि आखाजीला ज्योती माहेरच्या काठावरून गळा सोडायची:

नांदखेडानी सासू, तिनं नाक चाले पुढे वं,
सासू बसे वट्टावर, नाक चुल्हाकडे वं.

इकडून प्रमिलाबाई श्वासही न घेता उत्तर द्यायची:

सावटेकनी नवरी, मोबाईल देखत बसनी वं,
दूध गयं उतू, आन ही फोटोमा हासनी वं.

दोन्ही काठ हसून लोळायचे. दोन दिवसांनी ज्योती घरी यायची, सासूच्या पाया पडायची, आणि पुढचं वर्ष पुन्हा दुधासारखं, उतू न जाणारं.

या घरातला कर्ता माणूस म्हणजे स्वप्नील, प्रमिलाबाईचा मुलगा, ज्योतीचा नवरा, साहेबांच्या पक्षाचा तालुका उपाध्यक्ष. पद मिळाल्यापासून तो घरातसुद्धा शुद्ध बोलायचा. भाजी वाढ म्हणायच्या जागी 'भाजी घेऊया' म्हणायचा. जिल्हा परिषदेचं तिकीट त्याच्या नाकापुढे लोंबत होतं. आणि शिव्यांची गोष्ट साहेबांच्या कार्यालयाला कळवली होती ती त्यानेच. भाषणासाठी स्थानिक मुद्दे मागवले होते. त्याने मोठ्या कौतुकाने लिहिलं, आमच्याकडे अशी गमतीची चाल आहे, साहेबांनी उल्लेख केला तर बायका खूश होतील. भाषण लिहिणारा बाहेरचा. त्याला वाटलं, नदीच्या पाण्यावरून वैर असणार.

भाषणाच्या दुसऱ्या दिवशी साहेबांच्या पीएचा फोन आला. आवाज मऊ, लोण्यात बोट घातल्यासारखा. "स्वप्नीलजी, तुमच्याच गावात करू. दोन्ही गावच्या भगिनी, नदीच्या मधोमध, मिठी. लाईव्ह. साहेब स्वतः शेअर करतील. मग तुमच्या तिकिटाचं बसून बोलू."

तेव्हा ज्योती माहेरची पिशवी भरत होती. प्रमिलाबाई गौराईपुढे ठेवायच्या सांजोऱ्यांसाठी रवा चाळत होती. स्वप्नीलने घसा साफ केला.

"यंदा आपल्याला एक सकारात्मक संदेश द्यायचा आहे."

"दे ना," प्रमिलाबाई म्हणाली. "कोनी धरं तुले?"

"शिव्या होणार नाहीत. मिठी होईल. तू आणि ज्योती, सगळ्यांत पुढे. सासू-सून म्हटलं की परिणाम चांगला होतो."

ज्योतीने पिशवीत घातलेलं लुगडं परत बाहेर काढलं, घडी मोडली, पुन्हा घडी घातली. वर्षभर भाकरी थापताना तिने जे जुळवलं होतं, परातीतल्या पिठावर ज्याचा ठेका धरला होता, ते सगळं तिच्या गळ्याशी आलं.

"वरीसभर मी 'हा आत्याबाई, हा आत्याबाई' करस," ती नवऱ्याला म्हणाली, पण बघत होती सासूकडे, "ते कोना भरवसावर? आखाजीना भरवसावर. ते बी काढी लेतस का?"

"बरोबर शे तिनं," प्रमिलाबाई म्हणाली. "मनं बी पोट भरेल शे. मी कोठे रिकामं करू? तुना साहेबनी सभामा?"

"आई, एक वर्षाचा प्रश्न आहे."

"भो, पोटमा ठेवाले एक वरीस काय कमी व्हस?" ती चाळणी आपटत म्हणाली. मग थांबली. पोरगा दारात उभा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, आणि त्याच्या कपाळावर तीच आठी होती जी लहानपणी जत्रेत खेळणं मागताना पडायची. तिने सुनेकडे पाहिलं. ज्योतीने मान खाली घातली, म्हणजे हो.

"चाल," प्रमिलाबाई म्हणाली. "मारसूत मिठी. तुले तिकीट भेटू दे. मंग त्या तिकिटवर बसीसन कोठे जास ते जाय."

बोळवणीच्या दिवशी बोरीत पाणी नव्हतं. वाळू तापलेल्या तव्यासारखी. मधोमध मंडप, मंडपावर साहेबांचा हसरा फ्लेक्स, आणि नेमीचंदशेठच्या दुकानातून आणलेल्या, मिठीनंतर वाटायच्या एकसारख्या साड्यांचे गठ्ठे. नदीत, बायकांच्या वेळेला, गडी उभे होते: स्वप्नील, त्याचे चार कार्यकर्ते, तिपाईवर मोबाईल लावणारा अर्हम, नेमीचंदशेठचा नातू. बायका दोन्ही काठांवरून उतरल्या आणि परक्या खळ्यातल्या कोंबड्यांसारख्या घुटमळल्या. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे लांबून हात नाचवले, त्यांची तोंडं जवळून कशी दिसतात हेच त्यांना नवं होतं.

"ताई, पुढे या. हसा. आता मिठी," अर्हम म्हणाला.

मिठ्या पडल्या. जोडीजोडीने, डोक्यावर पदर, खांद्यावर हनुवटी. आणि सवय कुठे जाणार? तोंड कानाशी आलं की कानात शिवी गेली. नांदखेड्याच्या एकीने सावटेकच्या एकीच्या नवऱ्याची ढेरी काढली. तिने हिच्या दिराचं टक्कल काढलं. खांदे गदगदायला लागले. पदराआड हसू दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलं. मोबाईलवर खालून शेरे येत होते: 'डोळे पाणावले.' 'हीच खरी संस्कृती.' 'साहेब, तुम्ही माणसं जोडली.' कुणी नाशिकहून विचारलं, त्या गठ्ठ्यातल्या साड्या कुठे मिळतील?

पीएने अंगठा पाठवला. स्वप्नीलच्या छातीत तिकीट छापल्याचा आवाज झाला.

सगळ्यांत पुढे प्रमिलाबाई आणि ज्योती. सासूने दोन्ही हात सुनेच्या पाठीवर टाकले होते. इतक्या वर्षांत तिने तिला असं कधी धरलं नव्हतं. कांद्याचा, लाईफबॉयचा, उन्हाचा वास. ज्योतीने वर्षभर जुळवलेलं आठवायचा प्रयत्न केला. पण गाण्याला लांबून मारायला मोकळी हवा लागते, समोर हसणारा काठ लागतो. इथे हवाच नव्हती. तोंड कानाशी, श्वास अडकलेला. चाल सापडली नाही, यमक सापडलं नाही, आणि त्यांच्याखाली जे होतं तेच नुसतं बाहेर आलं. साधं, हळू, बिनसुराचं.

"आत्याबाई, मी घसेल भांडा तुम्ही फिरी घसतस. मी मझार गऊ का, लगेच. माले आवाज येस."

पाठीवरचे हात थिजले.

आजवर सुनेने प्रमिलाबाईच्या नाकावर, चालण्यावर, घोरण्यावर काय काय म्हटलं होतं. ते सगळं तिने हसत झेललं होतं, वर मिरवलं होतं. हे झेलता येईना. हे कानातून थेट खाली उतरलं आणि तिथे बसलं. तिला स्वतःचा हात दिसला, सुनेने घासलेली भांडी अंधाऱ्या मोरीत राखेने पुन्हा घासणारा. तिला वाटायचं, सून आत झोपलेली असते.

ज्योतीलाही कळलं. हे घेऊन आता दोघींनी घरी जायचं होतं, एका चुलीपाशी, आणि पुन्हा 'हा आत्याबाई' म्हणायचं होतं.

"छान, छान, तसंच राहा," अर्हम म्हणाला.

प्रमिलाबाईने हात सोडले. सुनेला खांद्याला धरून तिने एक हात लांब उभी केली.

"आसं कानमा नको सांगू, बेटा," ती म्हणाली. आवाज चिरका झाला होता. "कानमाधलं निंघत नही. जाय. तुना काठवर जाय. तठून म्हन."

"आई," स्वप्नील दातांतून म्हणाला, "लाईव्ह चालू आहे."

"चालू शे ते चालू दे. तू निंघ." तिने वाकून वाळूतलं सुक्या गाळाचं ढेकूळ उचललं. "गडीमानूस काय करस आठे? आज, या टाईमले?"

"आई, तिकीट—"

ढेकूळ त्याच्या इस्त्रीवर फुटलं. ती जणू सगळ्यांना खूणच होती. दोन्ही गावच्या बायका खाली वाकल्या. कार्यकर्ते गठ्ठे टाकून पळाले. अर्हम तिपाई तिथेच सोडून धावला, एक चप्पल वाळूत ठेवून. साहेबांच्या हसऱ्या गालावर एक ढेकूळ बसलं, बहुधा चुकून. मग बायका आपापल्या काठाला परतल्या, पदर खोचत, घाईघाईने, जसं दूध उतू चाललंय.

स्वप्नील बाभळीआड बसला होता. पीएचा फोन आला. आवाजात आता लोणी नव्हतं.

"स्वप्नीलजी, हे काय दिसतंय? या बाया काय करतायत?"

स्वप्नीलने शर्टावरची माती झटकली. शुद्ध बोलायचा त्याने प्रयत्न केला, पण ते पांढऱ्या शर्टाबरोबरच गेलं होतं. "भाषनवर लोकस्ना प्रतिक्रिया ई ऱ्हायनात," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. तिकीट गेलं, हे त्याला कळलं. नदीत काय चाललंय, ते मात्र ऐकू येईना, म्हणून त्याने मान लांब केली.

सावटेकच्या काठावर ज्योती उभी होती. कमरेवर हात होता, पण गळा फुटत नव्हता. सगळा काठ तिच्याकडे बघत होता. पलीकडून प्रमिलाबाई ओरडली, "काय वं सावटेकनी? जीभ नवरानी सभामा इसरी उनी का?"

ज्योतीने पदराने तोंड पुसलं. एकदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा लागला, उंच, नदीभर:

मी घसं पातेलं, सासू घसे फिरी वं,
पातेलानी चाळनी व्हयनी, दूध जास झिरी वं.

सावटेक खदखदलं. नांदखेड्याच्या बायका प्रमिलाबाईकडे वळल्या. ती डोळे मिटून उभी होती, ओठ हलत होते. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या, पण जुळवाजुळव चालू होती. मग तिने हात वर केला:

चाळनी व्हयनी ते व्हऊ दे, चहा गाळू भारी वं,
तुनी घसेल वाटीमा कालनी डाळ सारी वं!

दोन्ही काठांवर हसू उठलं. ज्योती सगळ्यांत मोठ्याने हसली, वाळूत फतकल मारून बसली, आणि डाळीला काय जुळतं ते शोधू लागली.