ठिगळाखालचे ग्रानादा

मित्रांनो, भिंतीवर उंच टांगलेल्या वस्तूवर कोणी सहसा शंका घेत नाही. मी तशीच एक वस्तू आहे. घाटकोपरच्या एका शाळेतला, कापडावर चिकटवलेला, वरखाली लाकडी दांडे असलेला युरोपचा नकाशा. माझ्या माथ्यावर इंग्रजीत लिहिले आहे की हा युरोप इसवी सन तेराशेचा. वय साठीच्या पुढे. इतक्या वर्षांत खूप मुले माझ्यासमोर शिकली, पण त्यांतल्या एका मुलीचा मी अपराधी आहे. तेच सांगायला बसलो आहे.

छापखान्यातून आलो तेव्हा माझे रंग ताजे होते. स्पेनचा मोठा भाग तपकिरी, ते कास्तीलचे राज्य. उजवीकडे पिवळे आरागॉन. आणि अगदी तळाला, समुद्राला चिकटून, नखाएवढा हिरवा तुकडा. ते ग्रानादा, तिथले शेवटचे मुसलमानी राज्य. एवढ्याशा तुकड्याकडे कोण बघणार? मुले इंग्लंड शोधायची, रोम शोधायची आणि मला गुंडाळून घरी जायची.

वीसेक वर्षांपूर्वी एका उंदराने मला कुरतडले. नेमका तो तळाचा भाग गेला. शाळेचा शिपाई काशीराम हळहळला. त्याने जुन्या पडद्याचा तुकडा कापला, मैद्याची खळ केली आणि मला ठिगळ लावले. नाटकाच्या पडद्यांसाठी आणलेले रंग होते, त्यांतला तपकिरी घेऊन त्याने शेजारच्या रंगाशी रंग जुळवला. खाली समुद्राची निळी कडसुद्धा काढली. काशीरामला तेव्हा वाचता येत नव्हते. तिथे काही नाव होते, वेगळा रंग होता, हे उंदराने त्याच्यासाठी शिल्लकच ठेवले नव्हते.

हेडमास्तर म्हणाले, "काशीराम, झकास! अगदी नवा वाटतो."

मित्रांनो, मला ते आवडले. माझ्या अंगावरचे एक राज्य नाहीसे झाले होते आणि मी मात्र नवा दिसतो म्हणून खूश होतो.

पुढे वर्गात स्क्रीनचा फळा आला. मी कपाटामागे गेलो. तिथेच पडून राहिलो असतो तर बरे झाले असते.

दोन वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका शाळेत इतिहासाचे आंतरशालेय प्रदर्शन ठरले. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक शाळेला एक देश दिला. आमच्या आठवीला मिळाले स्पेनचे मध्ययुग. गंधालीबाई चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "अगं बाई! फुटबॉल सोडला तर स्पेनचं मला काय माहीत?"

पण त्या शिकल्या आणि शिकवू लागल्या. प्रदर्शनात स्क्रीन चालणार नव्हता, म्हणून काशीरामने मला बाहेर काढले, पुसले आणि खिळ्याला टांगले. बाईंनी एक दिवस सोललेली नारंगी आणली. हे फळ आणि त्याचे नाव, दोन्ही आपल्याकडून इराण, अरबस्तान असे फिरत स्पेनला कसे पोचले, ते माझ्यावर बोट फिरवत सांगितले. शेताला पाणी चढवणारे रहाट सांगितले, आपले आकडे अरबांच्या हातून तिकडे गेले ते सांगितले. तोलेदो गावात अरबी पुस्तके लॅटिनमध्ये कशी गेली, ते तर त्यांनी मुलांकडून करूनच घेतले. एकाने हिंदी धडा वाचायचा, दुसऱ्याने तो मराठीत बोलायचा, तिसऱ्याने ऐकून इंग्रजीत लिहायचा. तिथे ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान असेच एकमेकांच्या आधाराने काम करत, म्हणाल्या. विकी मधला होता. त्याने धड्यातल्या राजालाच "यार" म्हटले आणि वर्ग हसून लोळला.

या वर्गात मनाली होती. विक्रोळीहून यायची. पहिली ते सातवी ती वर्गात फारशी बोललीच नव्हती. नारंगीच्या तासाला तिने पहिल्यांदा हात वर केला आणि मग तो खाली येईना. बाईंनी ठरवले, नकाशासमोर मनालीच बोलणार. विकी म्हणाला, "बाई, ती मुकी आहे ना!" मनाली म्हणाली, "तू बोलतोस तेव्हा मी मुकी असते रे, लाजेने."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तालीम चालू होती. बाईंनी दिलेले टिपण हातात घेऊन मनाली माझ्यासमोर उभी होती. एकदम थांबली.

"बाई, टिपणात आहे की ग्रानादाचं राज्य चौदाशे ब्याण्णवपर्यंत होतं. नकाशा तेराशेचा आहे. मग यात ग्रानादा का नाही?"

मित्रांनो, साठ वर्षांत मला कोणी विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता.

गंधालीबाई एका हाताने तक्ते चिकटवत होत्या. त्यांनी लांबूनच माझ्याकडे पाहिले. "खरंच गं, नाहीये. टिपण मी घाईत लिहिलंय, माझंच चुकलं असेल. नकाशा छापील आहे. नकाशाप्रमाणे बोल."

मनालीने टिपणातली ती ओळ पेनाने खोडली.

मला तोंड नाही, हे तुम्ही म्हणाल. पण तोंड असते तरी मी बोललो असतो का? 'नवा वाटतो' हे शब्द अजून माझ्या कानात होते. याचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी काशीरामने मला रिक्षात आडवा घातला. माझे टोक बाहेर आलेले. रिक्षावाल्याने विचारले, "काका, तोफ घेऊन कुठं निघालात?" मुले हसली. मनालीही हसली. तिचे ते त्या दिवसातले शेवटचे हसू.

परीक्षक नंदकुमार सर वांद्र्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले. मनाली फार छान बोलली. सर मान डोलावत ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "ग्रानादा दाखव बरं."

"सर, तेराशे साली ते राहिलं नव्हतं." तिने माझ्यावर पट्टी ठेवली. "बघा, समुद्रापर्यंत सगळं कास्तील."

"बाळ, ते त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं होतं. शेवटचं राज्य तेच. तुला कोणी सांगितलं ते राहिलं नव्हतं म्हणून?"

मनालीने बाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे. आम्ही दोघेही गप्प.

"कोणी नाही, सर. मीच चुकले."

सरांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

आमचा नंबर आला नाही, त्याचे मला काही नाही. पण वर्गात मनालीचा हात पुन्हा वर झाला नाही. बाईंनी विचारले तर ती खाली बघून म्हणायची, "मला नक्की माहीत नाही." माहीत असलेल्या गोष्टींनाही तेच म्हणायची.

आठवड्याने गंधालीबाईंनी मला उतरवून खिडकीच्या उजेडात धरले. ठिगळाचा चौकोन काळा दिसला. त्यांनी काशीरामला हाक मारली.

"ठिगळ माझं आहे, बाई," काशीराम म्हणाला. "का, काय झालं?"

बाईंनी सांगितले. तो खालीच बसला. "मी बरं करायला गेलो होतो हो."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या. "मनाली बरोबर होती. मी नीट न बघता तिला चूक ठरवलं. आणि त्या दिवशी सरांसमोर मी गप्प बसले, ते तर त्याहून वाईट केलं." मनाली बाकावर नखाने रेघ ओढत होती.

काशीरामने ओल्या फडक्याने ठिगळ सोडवले. खाली हिरवा रंग नव्हता, नाव नव्हते. नुसते भोक होते आणि त्यातून भिंतीचा चुना दिसत होता. विकी म्हणाला, "बाई, हिरवा कागद लावूया, कळणार पण नाही." माझ्याही मनात तेच आले होते, हे लाजत कबूल करतो.

"नको," मनाली म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज आला. "भोक तसंच राहू दे. बाजूला लिहूया."

बाई खडू ठेवून पेन शोधू लागल्या. काशीराम पुढे झाला. "मी लिहितो. माझ्या हातचं आहे." तीन वर्षांपूर्वी तो प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकला होता. मनालीने एकेक शब्द सांगितला आणि त्याने जीभ दाताखाली धरून चिठ्ठीवर लिहिले: इथे ग्रानादा होते. १४९२ पर्यंत. या नकाशात नाही.

चिठ्ठी टाचणीने लागली. काशीराम मागे सरला. मनाली मात्र तिथेच उभी राहून माझ्या पिवळ्या आरागॉनकडे बघत राहिली. मग तिने हात वर केला.

"बाई, हे तरी बरोबर आहे कशावरून?"

"मला नक्की माहीत नाही," बाई म्हणाल्या. "ग्रंथालयातून पुस्तक आण, बघूया." मनाली पळत गेली.

ती पुस्तक घेऊन आली आणि पिवळा रंग खरा ठरला. पण ती येईपर्यंत माझे दांडे कापत होते. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आम्हा जुन्या वस्तूंची धूळ जरूर पुसा, फाटले तर जोडा. पण आमच्यापुढे उभे राहाल तेव्हा हातातली पट्टी आमच्यावर ठेवून विचारा, हे कशावरून? आम्हाला त्याची भीती वाटेल. वाटू द्या.