वाकडं ते वैकुंठाला

धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या सॉमिलमध्ये तात्यांनी एक यंत्र स्वतः जुळवलं होतं. साखर कारखान्याच्या भंगारातली साखळी आणि तिच्या मागे उतारावर रचलेले ओंडके. एक लोखंडी हात एकेक ओंडका उचलून साखळीवर ठेवायचा आणि टोकाचा दांडा त्याचं नशीब ठरवायचा. उजवीकडे करवत, डावीकडे वाकड्यातिकड्यांचा ढीग. गावात मयत झालं की त्या ढिगातलं लाकूड फुकट.

"सरळ ते करवतीला, वाकडं ते वैकुंठाला," तात्या म्हणत. आणि साखळी रिकामी फिरताना दिसली की ओरडत, "लाइटनं बील काय तुन्हा बाप भरस?" हे ते शीलालाही ऐकवत, आणि ती त्यांचीच लेक होती.

आज तात्या घरी तिरडीवर होते आणि सरणाचं लाकूड निघायचं होतं.

"मन्हा भाऊले सागनं सरण पाह्यजे," चुडामणकाका म्हणाले. धोतर पांढरंशुभ्र, हातात फोन. "वाकडं लाकूड दिधं ते गाव काय म्हनी?"

"काका, सागले काडी लावी ते तात्या उठी बसतीन," शीला म्हणाली.

"मंग ते बरंच शे!"

काकांनी करवतीवरच्या जालमसिंगला उतारावर साग रचायला लावला आणि दांडा स्वतः धरला. तो डावीकडे वळवायचा तर बुडाशी लाथ घालावी लागे. हे तात्या सोडून दोघांनाच ठाऊक. जालमसिंगने शीलाकडे पाहिलं. शीलाने छपराच्या पत्र्याकडे पाहिलं.

काका दांड्याला लोंबकळले. धोतराला ग्रीस लागलं. सागाचा ओंडका ऐटीत आला आणि उजवीकडे, थेट करवतीसमोर जाऊन पडला. दुसराही. तिसराही.

"भाऊनी दांडा धरी ठेवेल शे," काका घाम पुसत म्हणाले आणि त्यांनी दांड्यालाच हात जोडले. "बरं भाऊ, तुन्हं खरं."

मग ते बाजूला झाल्यावर जालमसिंगने उतारावर दुसरे ओंडके रचले आणि शीलाने दांड्याच्या बुडाशी लाथ घातली. निंब, बाभूळ, फाटका आंबा, सगळे गडगडत डावीकडे गेले. एक तर इतका वाकडा की तात्या त्याला 'मन्हा साडू' म्हणत. तोही स्मशानात जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये चढला.

ट्रॅक्टर निघाला. साखळी रिकामीच फिरत होती. जालमसिंगने बटणाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे," शीला म्हणाली.

ती बराच वेळ उभी राहिली. कुणी ओरडलं नाही.