मोठ्या मॅचची बॅट

मित्रांनो, मी एक जुनी बॅट आहे. खेळून खेळून जुनी झाले असेन, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. मी ठेवून ठेवून जुनी झाले. हेच माझं दुखणं, आणि आज तेच मोकळं करायचं आहे.

मी एका म्हाताऱ्या कारागिराच्या हातून जन्मले. त्याने लाकूड तासलं, मूठ बसवली, लाकडी हातोडीने ठोकठोकून माझं अंग घट्ट केलं. मग एक चेंडू माझ्यावर आपटून कान दिला. मी अशी खणखणीत बोलले की स्वारी खूश! मला न्यायला आलेल्या तरुण फलंदाजाला तो म्हणाला, "पोरा, वर्षाकाठी चार थेंब जवसाचं तेल लाव. बाकी हिला चेंडू खाऊ घाल."

हा फलंदाज म्हणजे आमचा खिळा. सलामीला जाऊन एकदा रुतला की उपटता उपटत नसे, म्हणून संघाने ठेवलेलं हे नाव. क्रिकेट हीच त्याची भाकरी. घरी आल्या आल्या त्याने बायकोला सांगितलं, "देशाकडून पहिली मॅच खेळेन ती हिच्यानं. तोवर हिला चेंडू शिवणार नाही."

झालं! माझं नशीब तिथेच पिशवीत गेलं.

त्या पिशवीत मी नऊ वर्षं काढली. माझ्या शेजारच्या बॅटी धुळीने माखून, अंगावर लाल ठसे मिरवत परत यायच्या. एक मोडली, दुसरी आली; तीही मोडली. त्यांच्या जोरावर खिळ्याने धावांचे डोंगर रचले. पण देशाचा संघ जाहीर झाला की त्यात त्याचं नाव नसायचं. "संथ खेळतो," एकदा कळलं. पुढच्या वर्षी कळलं, "वय झालं." मधल्या काळात नेमका कधी तो योग्य वयाचा आणि योग्य वेगाचा होता, हे देवालाच ठाऊक!

आतल्या आत जळायचा तो. मग दर रविवारी मला मांडीवर घेऊन तेल चोळत बसायचा.

"अहो, माझ्या डोक्याला कधी बोटभर तरी तेल लावलंत का?" बायको म्हणायची.

"अगं, ही मोठ्या मॅचची आहे."

"मोठ्या मॅचची नाही, माझी सवत आहे ती!"

मला मात्र ओरडावंसं वाटे, अरे बाबा, पुरे! देवाने गळा दिला तो गाण्यासाठी. कुणी तो जपून शालीत गुंडाळून ठेवला, तर भजन कोण म्हणणार? पण लाकडाचं कोण ऐकतो?

आणि एके दिवशी, खिळा तेहतीस वर्षांचा असताना, देशाच्या संघातल्या सलामीवीराचं बोट मोडलं आणि बोलावणं आलं. मॅचच्या आदल्या दिवशी प्रशिक्षक म्हणाले, "सरावात चार चेंडू तरी खेळून बघ हिच्यानं."

"नाही सर. हिचा पहिला चेंडू उद्या, मैदानातच."

"खिळ्या, बॅट आहे की देव्हारा?" कुणीतरी मागून टोमणा मारला. सगळे हसले. खिळाही हसला.

दुसऱ्या दिवशी तो चेंडू आला. अगदी माझ्या पोटावर, जिथे यायला हवा तिथेच. नऊ वर्षं मी त्याचीच वाट पाहिली होती. आणि मी बोलले ते काय? धप्प! ओल्या उशीसारखी. तेल पिऊन पिऊन मी जड झाले होते, अंगातली उसळी पार मेली होती. अकरा धावा कशाबशा झाल्या. मग त्याने जीव खाऊन मारलेला फटका सीमारेषेच्या निम्म्या वाटेपर्यंतही गेला नाही. अलगद झेल.

तो मला घेऊन तडक कारागिराकडे गेला. म्हाताऱ्याने मला हातावर तोललं.

"किती तेल पाजलंस?"

"दर रविवारी, काका. नऊ वर्षं."

"अरे, बॅट आहे ही, दिव्याची वात नव्हे तेल पीत बसायला! प्रेमानं मारलीस रे हिला." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. तीन वर्षांनी तो आपल्या संघाकडून शेवटची मॅच खेळायला निघाला. पिशवी भरताना बायकोने मलाच पुढे केलं. "आज हिला घ्या. धावा नाही झाल्या तरी चालेल, बिचारीला एकदा खेळू द्या."

धावा एकोणीस झाल्या. एकही चेंडू सीमेपार गेला नाही. पण परतल्यावर खिळ्याने तेलाची बाटली काढली नाही. कोरड्या फडक्याने मला पुसलं, आणि तेही चेंडूचे लाल ठसे पुसले जाणार नाहीत अशा बेताने.

मित्रांनो, तुमच्या कपाटातही एखादी वस्तू "पुढे कधीतरी" म्हणून ठेवलेली असेल. तिला जपा, जरूर जपा. पण आज बाहेर काढा. माझ्या अंगावर सव्वीस लाल ठसे आहेत. माझं सगळं आयुष्य तेवढंच.