थेट कानात

पिंट्यानं अण्णांच्या उजव्या कानातलं श्रवणयंत्र अलगद फिरवून काढलं, मग डावं काढलं, आणि दोन्ही तळहातावर घेऊन तो खिडकीजवळच्या स्टुलावर उजेडाला बसला. इवल्याशा ब्रशनं त्यानं टोकाचा मळ झाडायला सुरुवात केली. एरवी हे काम आईचं, सकाळी उठल्याउठल्या करायचं. आज ते राहून गेलं होतं आणि आता तिच्या हातात सुई होती. पलंगावर पाय दुमडून ती अण्णांच्या शर्टांच्या कॉलरला आतून नावाच्या पट्ट्या शिवत होती. शुश्रूषा केंद्रातल्या बाईंनी तसं बजावलं होतं. तिथं सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जातात. सोमवारी सकाळी केंद्राची गाडी यायची होती.

कुणी काही बोलत नव्हतं. या खोलीला आता तशीच सवय झाली होती.

अण्णांनी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक घेऊन, निम्मं शहर त्यांनी रस्त्यावर आणलं. त्यामुळे बोलणंही तसलंच, तुटक आणि हुकमी. आरसा बघ. क्लच सोड, हळू. घाई कुणाला आहे? घरातही तोच खाक्या. मग स्नायूंचा आजार आला. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. मान हलेना, चेहऱ्यावरची रेष हलेना. उरली ती नजर आणि उजव्या हाताचं एक बोट. त्या बोटानं छातीपुढच्या संगणकावर अक्षरं टिपायची, की संगणक ती मोठ्यानं वाचायचा. अण्णा त्याला पाटी म्हणत, आणि पाटीवरूनही घर हाकत. गॅस बारीक कर. दार हळू लाव.

जुनी पाटी बंद पडली तेव्हा पिंट्यानं नवा संगणक आणला. चाळिशी उलटली तरी घरात तो पिंट्याच, पण बाहेर त्याचं नाव होतं. लग्नांचे आणि जाहिरातींचे व्हिडिओ कापून जोडायचा त्याचा धंदा. संगणक त्यानं आपल्या कामाच्या जातीचा घेतला आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. जुना प्रोग्राम त्यावर चालेना. बनवणाऱ्यांनी आपलं दुकान केव्हाच गुंडाळलं होतं. अण्णांनी वर्षभरात जमवलेली तयार वाक्यं नव्या प्रोग्राममध्ये उघडली, तर वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे आणि मधूनमधून रिकामे चौकोन. आवाज बसवला तर तो मराठी वाचेना. वाचायला लागला तर दर दोन शब्दांमागे ठेच खाई. दिवसभर दुसऱ्यांचे व्हिडिओ जुळवणारा माणूस घरी येऊन या एका आवाजापुढे डोकं धरून बसायचा. शेवटी एकदाची पाटी बोलली. अण्णांचं पहिलं वाक्य होतं, "माझा ल गेला." त्या आवाजाला ळ म्हणताच येत नव्हता. आई हसून हसून डोळे पुसत राहिली.

आणि आठवड्याच्या आत अण्णा गप्प झाले.

आदल्या संध्याकाळी पिंट्या कामावरून वैतागून आला होता. अण्णांनी पाटीवरून एकामागून एक सूचना सोडल्या, तसा तो म्हणाला होता, "अण्णा, मी तुमच्या गाडीत शिकायला बसलेलो नाही." दुसऱ्या दिवसापासून पाटी मुकी. रुसले असतील, दोन दिवसांत निवळतील, असं आईचं म्हणणं. निवळले नाहीत. पिंट्यानं समोर बसून, त्यांचा हात हातात घेऊन माफी मागितली. अण्णांचं बोट फिरलं, थांबलं. आवाज काही आला नाही. यंत्राचाच दोष असेल म्हणून त्यानं अण्णा झोपल्यावर पाटी दोनदा आपल्या खोलीत नेऊन तपासली. दोन्ही वेळा आवाज खणखणीत. एकदा त्यानं मागून डोकावून पाहिलं, तर पडदा कोरा. म्हणजे बोट नुसतंच फिरत होतं.

डॉक्टर म्हणाले, हा आजार क्वचित डोक्यातही शिरतो. बोटाला सवय उरते, बाकी हळूहळू विझत जातं. त्यानंतर आईची पाठ धरली. अण्णांना उचलणं एकट्या पिंट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. केंद्राचं ठरलं तेव्हा दोघांनी अण्णांच्या समोर खुर्च्या मांडून त्यांना रीतसर विचारलं. बोट जरा हललं आणि पाटीवरून खाली घसरलं. आईनं ते उचलून मांडीवर नीट ठेवलं. हरकत नाही, असं धरून सगळे पुढे चालले.

आता मळ निघाला होता. साफ केल्यावर यंत्र कानाशी धरायचं, बारीक शीळ ऐकू आली की चालू आहे असं समजायचं, हे आईनं त्याला सांगून ठेवलं होतं. केंद्रातल्या लोकांना तेच शिकवायचं होतं. पिंट्यानं उजवं यंत्र कानाशी नेलं.

"पिंट्या, कान परत दे. काही ऐकू येत नाही."

तो जागचा हलला नाही. आवाज पाटीचाच होता, अगदी बारीक, मुंगीनं बोलावं तसा, पण शब्द स्वच्छ होते. त्यानं अण्णांकडे पाहिलं. त्यांचं बोट पाटीवर होतं. ते उचललं गेलं, पुढच्या अक्षरावर टेकलं, पुन्हा उचललं गेलं. पिंट्या यंत्र कानाशी धरून बघत राहिला.

"आईला सांग, निळा शर्ट नको. काखेत काचतो."

पलंगावर आईनं निळ्या शर्टाच्या पट्टीला शेवटचा टाका घातला आणि दातानं दोरा तोडला.

पिंट्या उठला, अण्णांच्या मागे गेला आणि वाकून त्यानं पाटीच्या सेटिंगचं पान उघडलं. आवाज कुठून बाहेर काढायचा, या प्रश्नापुढे श्रवणयंत्राचं नाव होतं. रात्री यंत्रं काढून डबीत चार्जिंगला लावली की आवाज मुकाट्यानं पाटीतून येत असणार, म्हणून त्याला तपासताना काही सापडलं नव्हतं. वाक्य वाचून झालं की पडदा आपोआप पुसला जाई, तेव्हा त्याला तो कोरा दिसला यातही नवल नव्हतं. धंद्यात रोज दहा वेळा तो हेच पान उघडत असे.

"आई, ही यंत्रं पाटीला कुणी जोडली?"

आईनं मान वर केली. ही नवी यंत्रं कानात बसवायला आल्या होत्या त्या बाईंनीच, ती म्हणाली. तू बाहेर कामाला गेला होतास. त्या म्हणाल्या, आता गाणी थेट कानात ऐकू येतील.

"तो दिवस कुठला?"

आई आठवू लागली. तू अण्णांना बोललास त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा पांढरा पडत गेला. तरी तिला नेमकं काय झालंय ते कळलं नव्हतं. मुलाचं तोंड पाहूनच ती घाबरली होती. पिंट्यानं सेटिंगमधलं ते नाव बदललं, यंत्रं अण्णांच्या कानांत बसवली आणि समोर गुडघ्यांवर बसला.

"अण्णा, तुम्ही बोलत होतात ते फक्त तुम्हालाच ऐकू येत होतं. आम्हाला एक अक्षरही नाही."

बोट पाटीवर गेलं. खोलीत पाटीचा आवाज घुमला, तसा आईच्या हातातला शर्ट गळून पडला.

"कधीपासून?"

"दीड महिना."

अण्णांची नजर त्याच्यावरून आईकडे गेली आणि तिथंच राहिली. चेहरा होता तसाच होता. त्याला दुसरं काही होताच येत नव्हतं. मग बोट फिरू लागलं.

"मला वाटलं, तुम्ही ठरवलंय. आता याचं काही ऐकायचं नाही."

आई पलंगावरून उतरली ती भिंतीला धरतच. दीड महिना ती रोज दुपारी त्यांच्याशेजारी बसत होती. आधी विनवण्या केल्या होत्या, मग भांडली होती, आणि शेवटी शेवटी वेड्यासारखी आपल्याशीच बोलावं तशी त्यांना सगळं सांगत सुटली होती. उत्तर येत नाही म्हणून उठून जात होती. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, मी उठून जायचे तेव्हा तुम्ही..."

"बोलतच असायचो," पाटी म्हणाली.

रस्त्यावरून एक गाडी गिअर खरडत गेली. पिंट्याला एकच गोष्ट सुचत होती आणि ती विचारायची छाती होत नव्हती. विचारल्याशिवाय उठताही येणार नव्हतं.

"केंद्राचं विचारलं, तेव्हा काय म्हणाला होतात?"

"हो म्हणालो."

पिंट्यानं डोळे मिटले. नाही म्हणाले असते तर कुठं तोंड दाखवू, या धास्तीनं त्यानं विचारलं होतं. हो ऐकून बरं वाटायला हवं होतं. बोट अजून चालू होतं. एकेक अक्षर टिपायला त्यांना जो वेळ लागत होता, तेवढा वेळ आई आणि तो त्या बोटाकडे बघत होते.

"कुणी ऐकत नाही, तर तिथं काय नि इथं काय."

आईनं तोंडावर हात दाबला. तिच्या पायाशी निळा शर्ट पडला होता, आतल्या पट्टीवरचं नाव वर आलेलं. तिनं तो उचलला नाही.

"आणि आता?" पिंट्यानं विचारलं. "आता काय म्हणता?"

अण्णांनी एकदा आईकडे पाहिलं, तिनं पाठीवर दाबून धरलेल्या हाताकडे पाहिलं, मग पिंट्याकडे. मग बोट सावकाश उतरलं आणि अक्षर शोधू लागलं.

"पुन्हा विचार," पाटी म्हणाली.

प्रश्न पुन्हा विचारायला सांगत होते, की ठरलेल्याचा पुन्हा विचार कर म्हणत होते, ते पिंट्याला कळेना. बोट अजून पाटीवरच होतं, उचललेलं, पुढचं अक्षर टिपणार असल्यासारखं. आईनं खुर्ची ओढली आणि ती समोर बसली. या वेळी कुणीच उठलं नाही.